लाकडी नंदी सगळंच सांगून टाकतो, काय करू?

महालची_मुलगी
कादंबरी लिहून राहिली आहे, हलकीफुलकी, जादूची. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, दहा-अकरा वर्षांची रेवा, तिचे आजोबा आणि माळ्यावर पडलेला सागवानी नंदी. शिंगांवर पितळी टोप्या, एक चाक सुतळीनं बांधलेलं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी नंदी सजवून फिरवतात त्या दिवशी, रेवा त्याला खाली काढते, तेलाचा हात फिरवते आणि तो बोलायला लागतो. घरातलं गुपित असं: आजोबांना एक थोरली बहीण होती. ती घरातून गेली, फोटोतून तिला कात्रीनं कापलं, तिचं नावही कोणी घेत नाही.

अडचण ही की नंदीला सगळं ठाऊक आहे. तिसऱ्या प्रकरणात रेवा विचारते, तो सांगतो, संपलं. पुढची दोनशे पानं काय तर्री-पोहे खात बसायचं? त्याला मुद्दाम गप्प केलं तर वाचकाला कळतंच की लेखिकेनं तोंड दाबलं.

कहाणीवेडा
आपल्या श्रावणातल्या कहाण्या बघा. देव पावतो, पण आधी बजावतो: उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. माणूस उततो, माततो, मग गोष्टीला पाय फुटतात. तुमच्या नंदीला अटच नाही. वर्षात एकच दिवस बोलेल असं करा.

महालची_मुलगी
मग रेवाची सहावी, सातवी, आठवी लिहीत बसावं लागेल हो!

इतवारीचा_भाऊ
ताई, नंदी वीतभर उंच ना? मग त्याले दिसलं काय असन? पायच तं दिसले असन! थोरली आत्या त्याच्यासाठी म्हणजे डाव्या टाचेची भेग अन् एकाच पायातलं पैंजण. चेहरा त्यानं पाह्यलाच नाही. खोटं बोलू नका देऊ त्याले, पण जेवढं जमिनीवरून दिसते तेवढंच सांगू द्या. बाकीचं रेवाले जोडू द्या.

धंतोलीच्या_काकू
हे झकास. पण अगं, बोजारा, म्हणजे पोरांना नंदीसाठी मिळणारे पैसे, कुठे गेला? पोरं दारोदार नंदी फिरवतात ती बोजाऱ्यासाठीच ना? मग हा फुकट कसा बोलेल? एका प्रश्नाला एक चवन्नी घेऊ दे. चवन्नी ३० जून २०११ पासून चलनातून बाद, आणि फोनवरून पाठवलेले पैसे नंदीला काय कामाचे? चवन्न्या सापडणार आजोबांच्या सुपारीच्या डब्यात, त्याही मोजक्या. रेवा मागायला गेली की आजोबा विचारणार, "कशाला गं?" तुझी कादंबरी तिथं आहे. गुपित शेवटी माणसाच्याच तोंडून निघू दे.

महालची_मुलगी
काकू, डबा घेतला! आता शेवट. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच मारबत निघते, तो मोठा पुतळा मिरवून शेवटी जाळतात. फोटोचा कापलेला तुकडा रेवानं मारबतीसोबत जाळायला द्यावा का? "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

इतवारीचा_भाऊ
नका ना ताई. मारबतीसंग रोगराई जाते, महागाई जाते. आत्या काय रोगराई हाय? काळी मारबत १८८१ पासून निघून राह्यली, पिवळी १८८५ पासून, म्हणजे आत्याच्या लहानपणी होतीच. उलटं करा. ती गेली त्या वर्षी पणजोबांनी दारात उभं राहून त्या गजरात पोरीचंच नाव घेतलं. नंदी उंबऱ्यापाशी होता. दिसलं नसन, पण ऐकू तं आलं.

महालची_मुलगी
भाऊ, हलकीफुलकी म्हटलं होतं मी! अंगावर काटा आला. घेते हे.

धंतोलीच्या_काकू
शेवटची चवन्नी याच प्रश्नाला ठेव. आणि पणजोबांना लगेच राक्षस करू नकोस. आमच्या घरात तसे एक होते. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांना सगळ्यांत जास्त बोजारा तेच द्यायचे.