मदत हवी आहे: पाच देश, सोळा दिवस. शेंगेन व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करावा?

घाटमाथा, १२ जानेवारी, रात्री ९.२०

नमस्कार. मी आणि माझी पत्नी १६ ते ३१ मे या काळात युरोपातील पाच देशांचा प्रवास करणार आहोत. पॅरिसला उतरायचे आणि रोमहून परतायचे, असे विमान पाहून ठेवले आहे. भाडे रोज बदलते आहे आणि आमच्या एजंटाला येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर हवे आहे. अडचण एवढीच आहे की एजंटाच्या मते शेंगेन व्हिसा (युरोपातील बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) सगळ्या देशांना चालत असल्यामुळे, ज्या देशाच्या अर्ज देण्याच्या तारखा लवकर मिळतात त्याच्याकडे अर्ज करावा, आणि त्यासाठी तिथल्या हॉटेलात सहा रात्रींचे आरक्षण दाखवून ते मागाहून रद्द करावे. आमचा भाचा मात्र असे करू नका म्हणतो, पण मग कोणाकडे अर्ज करावा हे त्यालाही सांगता येत नाही. फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि इटली हे आमचे देश आहेत. कृपया नेमके उत्तर द्यावे. सामान किती न्यावे वगैरे आम्हाला ठाऊक आहे.

नोंदवही, १२ जानेवारी, रात्री ९.४८

प्रत्येक देशात किती रात्री मुक्काम आहे ते आपण लिहिलेले नाही, आणि नेमके उत्तर त्याच आकड्यांवर ठरते. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस समसमान असतील, तर शेंगेन क्षेत्रात ज्या देशातून पहिला प्रवेश होणार त्याच्याकडे. शिवाय आपण देश पाच म्हणता आणि नावे चारच देता. पाचवा कोणता?

सहलवेडी, १२ जानेवारी, रात्री १०.०५

आम्ही उभयतांनी हेच देश सहल कंपनीबरोबर तेरा दिवसांत पाहिले. व्हिसाची कागदपत्रे त्यांनीच पाहिली, रोज रात्री गरम वरणभात मिळाला आणि कुठेही डोक्याला ताप झाला नाही. साठीच्या घरात आल्यावर नकाशे हातात घेऊन फिरण्यात काय मौज आहे, हे मला खरोखर कळत नाही.

घाटमाथा, १२ जानेवारी, रात्री १०.३०

सहलवेडीताई, आम्ही साठीच्या घरात आहोत असे मी कुठेही लिहिलेले नाही (आहोत, पण लिहिलेले नाही). प्रवास स्वतंत्रपणेच करायचा, हे ठरलेले आहे.

नोंदवही, रात्रींचा हिशेब असा आहे: पॅरिस तीन, ॲमस्टरडॅम दोन, इंटरलाकेन तीन, व्हेनिस एक आणि रोम दोन. मधल्या चार रात्री मेहुणीकडे असल्याने त्यांचे आरक्षण करायचे नाही, म्हणून त्या धरल्या नव्हत्या.

नोंदवही, १२ जानेवारी, रात्री १०.४१

मेहुणी कुठे राहतात?

घाटमाथा, १२ जानेवारी, रात्री १०.४४

लंडनला. पॅरिसहून युरोस्टार रेल्वेने जायचे आणि तिथून ॲमस्टरडॅमला यायचे.

नोंदवही, १२ जानेवारी, रात्री ११.१५

मग ही माहिती सर्वांत आधी द्यायला हवी होती. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे त्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, पॅरिसहून लंडनला गेलात की आपण शेंगेन क्षेत्राबाहेर पडता आणि ॲमस्टरडॅमला पुन्हा आत शिरता. एकदाच प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा मिळाला, तर तो लंडनला जाताना संपला असे समजावे. पुढचे सगळे आरक्षण वाया जाईल. आपल्या आखणीला किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा लागेल, आणि मागितला म्हणून तो मिळेलच असे नाही.

मूळ प्रश्नापुरते सांगायचे, तर फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली या तिन्ही देशांत आपल्या तीन-तीन रात्री होतात आणि पहिला प्रवेश फ्रान्समधून आहे. म्हणून आजच्या आखणीनुसार अर्ज फ्रान्सकडे करावा लागेल.

अनुभवी पाहुणा, १३ जानेवारी, सकाळी ७.०२

इथे विनाकारण घाबरवले जात आहे. मी एका देशाचा व्हिसा घेऊन दुसऱ्याच देशात उतरलो, आठ दिवस तिसऱ्याच देशात राहिलो आणि विमानतळावर मला कोणी एक शब्द विचारला नाही. एजंट रोज हेच काम करतात, त्यांचे ऐकावे.

नोंदवही, १३ जानेवारी, सकाळी ८.३०

आपण दोन गोष्टींची सरमिसळ करत आहात. ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरले पाहिजे असा नियम नाही, त्यामुळे आपल्या अनुभवातील पहिला भाग पूर्णपणे नियमात बसतो. परंतु जिथे राहायचेच नाही तिथल्या सहा रात्री दाखवणे म्हणजे अर्जात खोटी माहिती देणे होय. तपासणीत ते उघड झाले, तर अर्ज नाकारला जातो, किंवा दिलेला व्हिसा सीमेवरही रद्द होऊ शकतो. नकाराची नोंद शेंगेनच्या सामायिक यंत्रणेत राहते आणि पुढच्या वेळी कोणत्याही सदस्य देशाला ती दिसते. माणशी ९० युरो शुल्कही परत मिळत नाही. आपल्याला कोणी विचारले नाही हे आपले नशीब म्हणावे. त्या भरवशावर दुसऱ्याला सल्ला देऊ नये.

अनुभवी पाहुणा, १३ जानेवारी, सकाळी ८.५५

हॉटेल बदलण्याचा अधिकार प्रवाशाला असतो. तिथे गेल्यावर बेत बदलला, असे सांगता येते.

नोंदवही, १३ जानेवारी, सकाळी ९.१०

बेत खरोखर बदलणे आणि बदलायचा हे आधीच ठरवून अर्ज करणे, यांतला फरक आपल्यालाही कळतो, असे मी धरून चालतो.

रुळांवर, १३ जानेवारी, सकाळी ११.४०

मला व्हिसाबद्दल फारसे सांगता येणार नाही. पण एवढे देश करायचे असतील, तर युरेलचा ग्लोबल पास, म्हणजे अनेक देशांतील रेल्वेगाड्यांना चालणारा पास, घ्यावा असे आग्रहाने सुचवतो. एका महिन्यातील कोणतेही सात दिवस निवडून प्रवास करता येतो. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकातून बाझेलला सुमारे तीन तासांत आणि तिथून दोन तासांत इंटरलाकेनला पोहोचता. थून सरोवराच्या काठाने जाणारी ती शेवटची अर्ध्या तासाची वाट पाहण्यासाठी माणसाने विमान सोडावे.

उत्तरवारा, १३ जानेवारी, दुपारी ३.१५

मी गेली काही वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो. रुळांवर यांचे रेल्वेप्रेम मान्य करूनही सांगतो की या आखणीत लांबचे प्रवास चार-पाचच आहेत, त्यामुळे सुटी तिकिटे आधी काढल्यास ती बहुधा स्वस्त पडतील. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाड्यांत, युरोस्टारमध्ये आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते. मात्र स्वित्झर्लंडमधील मुक्काम वाढवणार असाल, तर तिथल्या स्विस ट्रॅव्हल पासचा विचार जरूर करावा. गाड्या, बस आणि सरोवरांतील बोटी, सगळे त्यात येते.

आता माझा प्रश्न. ॲमस्टरडॅमच्या दोन रात्री कशासाठी आहेत?

घाटमाथा, १३ जानेवारी, सायंकाळी ६.४५

ट्युलिपसाठी. पत्नीची बऱ्याच वर्षांची इच्छा आहे. क्युकेनहॉफची बाग २४ मे रोजी पाहायची, असे ठरले आहे.

उत्तरवारा, १३ जानेवारी, सायंकाळी ७.२०

वाईट वाटते, पण सांगायलाच हवे: क्युकेनहॉफ मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास वर्षभरासाठी बंद होते. २४ मे रोजी तिचे दार बंद असेल, आणि आसपासच्या शेतांतील फुलेही तोपर्यंत खुडून झालेली असतात, कारण कंद पोसला जावा म्हणून शेतकरी फूल ठेवत नाहीत. शहर सुंदर आहे, कालवे आहेत, व्हॅन गॉख संग्रहालय आहे. पण ट्युलिपसाठी येणार असाल, तर एप्रिलच्या मध्यावर यावे.

भाजणी, १३ जानेवारी, रात्री ८.००

घाटमाथा, आपण शाकाहारी असाल, तर थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि घरच्या साजूक तुपाची बरणी सोबत ठेवावी. परदेशात चौथ्या दिवसापासून पाव नकोसा होतो.

नोंदवही, १३ जानेवारी, रात्री ८.२५

भाजणी जरूर न्यावी, परंतु तुपाची बरणी नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आत नेता येत नाहीत, आणि तूप त्यातच मोडते.

घाटमाथा, आणखी एक राहिले. दोघांच्याही पासपोर्टांची मुदत किती आहे?

घाटमाथा, १३ जानेवारी, रात्री ९.०५

त्याची काळजी नाही, दोन्ही वैध आहेत. माझा चार वर्षांनी संपतो आणि पत्नीचा ११ ऑगस्टला. आम्ही तर ३१ मे रोजी परत येतो आहोत.

नोंदवही, १३ जानेवारी, रात्री ९.१२

नाही, पत्नीचा पासपोर्ट चालणार नाही. शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध असावा लागतो. ३१ मे अधिक तीन महिने म्हणजे ३१ ऑगस्ट. इथे वीस दिवस कमी पडतात. आधी पासपोर्टचे नूतनीकरण करावे, मग नव्या पासपोर्टवर दोन्ही व्हिसांचे अर्ज करावेत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्याचा निर्णय सहसा पंधरा दिवसांत येतो, पण अधिक छाननी निघाली तर पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. ब्रिटनच्या अर्जासाठी पासपोर्ट जमा असेल, त्या काळात तो शेंगेनसाठी देता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे. जानेवारीच चालू असल्यामुळे हे सारे जमू शकेल. मार्चमध्ये विचारले असते, तर मी हे म्हणालो नसतो.

अनुभवी पाहुणा, १३ जानेवारी, रात्री ९.४०

पासपोर्टच्या बाबतीत मात्र नोंदवही यांचे बरोबर आहे. आमच्या शेजाऱ्यांना त्याच कारणाने घरी राहावे लागले होते.

उत्तरवारा, १३ जानेवारी, रात्री १०.३०

ॲमस्टरडॅम गळणार असेल, तर लंडन मधल्या टप्प्यातून काढून सुरुवातीला घ्यावे. मुंबईहून थेट लंडनला उतरावे, चार रात्री मेहुणीकडे राहावे आणि मग युरोस्टारने पॅरिसला जावे. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातच होते, तेव्हा त्या दिवशी गाडीच्या वेळेआधी बऱ्यापैकी लवकर पोहोचावे. यानंतर रोमला विमानात बसेपर्यंत आपण शेंगेन क्षेत्राबाहेर पडतच नाही, त्यामुळे एका प्रवेशाचा व्हिसाही पुरेल. वाचलेल्या दोन रात्री इंटरलाकेनला दिल्या, तर एखादा दिवस ढगाळ निघाला तरी युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ खिंडीवरील रेल्वे स्थानकासाठी दुसरा दिवस हाताशी राहतो. ३,४५४ मीटरवर महागडे तिकीट काढून जायचे आणि पांढऱ्या धुक्याकडे पाहून परतायचे, असे पुष्कळांचे होते.

घाटमाथा, १५ जानेवारी, सकाळी १०.१०

सर्वांचे आभार. पत्नीला ट्युलिपचे सांगणे सोपे गेले नाही. एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा असल्याने प्रवास तेव्हा करता येत नाही. अखेर पुढल्या वर्षी केवळ नेदरलँड्स, असे तिने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.

नवी आखणी अशी: लंडन चार, पॅरिस तीन, इंटरलाकेन पाच, व्हेनिस एक, रोम दोन. म्हणजे सर्वाधिक रात्री स्वित्झर्लंडच्या होतात आणि अर्ज त्यांच्याकडे करायचा, हे मी बरोबर समजलो ना?

नोंदवही, १५ जानेवारी, सकाळी १०.३५

बरोबर. प्रवेश फ्रान्समधून असला तरी अर्ज स्वित्झर्लंडकडेच करावा. प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी वैध असा घ्यावा. लंडनचे दिवसही त्यात धरलेले आहेत ना, ते मात्र कंपनीला स्वतंत्रपणे विचारावे. विमानाचे आणि हॉटेलांचे आरक्षण व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येण्याजोगेच ठेवावे.

सहलवेडी, १५ जानेवारी, दुपारी १२.२०

एवढे सगळे करण्यापेक्षा आमच्या कंपनीची मेची सहल अजून भरलेली नाही, एवढेच सांगते.

घाटमाथा, १५ जानेवारी, रात्री ९.००

एजंटाला आजच कळवले. मग स्वित्झर्लंडची तारीख उद्याच घेऊ का, असे त्यांनी विचारले. आधी पत्नीचा पासपोर्ट येऊ द्या, असे सांगितले. त्यावर, तो मुदत संपत आलेला पासपोर्ट गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः पाहिला होता, हे त्यांना आठवले.