सोसायटी ग्रुप : पार्किंगमधली पिकअप, सकाळचा धूर आणि लिफ्टसमोरचा डाग

रविवार

ए-१०१ ताई, ७:१२
नमस्कार. सलग तिसरा रविवार. पावणेसातला पिकअपचा सेल्फ सुरू झाला आणि माझ्या स्वयंपाकघरात पांढरा धूर. डोळे चुरचुरतात. लिफ्टसमोरचा ऑइलचा डाग आता पाटाएवढा झालाय, परवा डी विंगच्या आजी तिथेच घसरता घसरता वाचल्या. सचिवसाहेब, डाग कोण पुसणार?

सी-००२ दादा, ७:३१
ताई, धुराबद्दल माफी मागतो. गाडी सकाळी लागतच नाहीये, वीस-वीस सेकंद सेल्फ मारावा लागतोय. २५ तारखेला पासिंग आहे. आजच चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) काढून डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे देतो, विषय संपेल.

बी-२०४ काका, ७:३८
नोझलला हात लावू नका. आधी सक्शन बाजूची हवा शोधा. दुपारी गरम असताना कशी लागते?

सी-००२ दादा, ७:४०
अर्ध्या सेल्फात.

बी-२०४ काका, ७:५२
मग नोझल नव्हे. रात्रभर उभी राहिली की पाइपातलं डिझेल टाकीकडे परत उतरतं, पंपाच्या तोंडाशी हवा राहते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीडपंपापर्यंतची नळी, म्हणजे सक्शन बाजू, ओढीवर चालते, त्यामुळे भेग पडली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस नोझल काढत बसतो. बघायच्या जागा: टाकीवरच्या पाइपाचं तोंड, कडक झालेली रबरी नळी, पाणी काढायच्या स्क्रूचं रबर, फिल्टरच्या भांड्याची रिंग, हातपंपाचं पॅकिंग आणि प्रत्येक बॅन्जो बोल्टचे (नळी जोडायचा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर.

डी-४०३, ७:५५
एवढं कशाला? एअर क्लीनरला पेट्रोलचं फडकं धरा. नाहीतर तो स्प्रे मिळतो. टचकन लागते.

बी-२०४ काका, ७:५७
अजिबात नाही. स्प्रेमधला ईथर पिस्टन वर पोचायच्या आतच पेटतो, रिंगा आणि कनेक्टिंग रॉड त्यातच जातात. आणि पेट्रोलचं फडकं बिल्डिंगखाली, मीटरच्या पॅनलशेजारी?

ए-१०१ ताई, ७:५८
म्हणजे आता आगही लागणार. छान. डाग कोण पुसणार?

सी-००२ दादा, ८:०३
ताई, गणपतीत मंडपाचे पाइप याच गाडीतून आले. तेव्हा धूर झाला नव्हता का?

ए-१०१ ताई, ८:०४
तेव्हाही झाला होता. सण म्हणून गप्प बसले.

सचिव, ८:१०
कृपया वैयक्तिक होऊ नये ही विनंती. रविवारी दुरुस्ती सकाळी १० ते दुपारी १ एवढीच, हे मागच्या सभेत ठरलंय. रात्री १० ते सकाळी ६ आवाज नको, तो तर सरकारी नियमच आहे.

ए-३०२, ८:२१
काका, हवा असेलही, पण सेल्फचा वेगसुद्धा तपासा. इंजिन सावकाश फिरलं तर कॉम्प्रेशनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीतच जिरते, डिझेल पेटत नाही आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. मल्टिमीटर लावा. उभ्या गाडीवर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या साफ केलेल्या लोखंडावर, आणि सेल्फ. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी खराब. चिखलातून फिरणाऱ्या गाडीची गिअरबॉक्स ते चेसिस पट्टी आतून हिरवी पडते, वरून चांगली दिसते.

डी-४०३, ८:२४
अर्थिंगवरून आठवलं, बी विंगच्या जिन्यातला दिवा दीड महिना बंद आहे. त्याचे व्होल्ट कोण मोजणार?

खजिनदार, ८:२६
दिव्याचं बिल मंजूर आहे. तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स आला की बल्ब येईल.

डी-४०३, ८:२७
हे ग्रुपवर लिहायची गरज नव्हती.

बी-२०४ काका, ८:३०
दिवा नंतर. आधी सक्शन बाजूची हवा शोधा. फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मध्ये अर्धा मीटर पारदर्शक नळी क्लिप लावून बसवा. गाडी चालू करा, वेग वाढवा. सुरुवातीला चार बुडबुडे चालतील; पाच मिनिटांनंतरही येत राहिले तर हवा शिरतेय. मग फीडपंपाच्या आत येणारी नळी टाकीऐवजी फिल्टरच्या उंचीवर ठेवलेल्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या भागात. थांबले नाहीत तर फीडपंप, हातपंप, फिल्टर यांच्यात. पारदर्शक नळी तपासणीपुरतीच, डिझेलमध्ये ती कडक होऊन तडकते.

सी-१०४ मॅडम, ८:४४
काकांशी सहमत. दादा, कामाला लागण्याआधी दोन गोष्टी. पहिली, गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवरच काम करतो. मागचा ॲक्सल उचलला की गाडी पुढच्या चाकांवर मोकळी होते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. आपल्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत, त्यात स्टँडचा पाय एकेक करून रुततो. प्रत्येक स्टँडखाली फूटभर चौकोनी जाड प्लाय टाका, स्टँड ॲक्सलच्या नळीखाली घ्या आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून बघा.

दुसरी, तो डाग कशाचा आहे ते आधी ओळखा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, त्यावर चाकांच्या जागा आखा. सकाळी थेंब कुठे पडलाय त्यावरून कळेल. मागे जाड, गंधकासारखा वास असेल तर डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअर. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ असेल तर ब्रेकचा व्हील सिलिंडर, मग गाडी हलवायचीच नाही. पुढे अल्टरनेटरच्या बाजूला काळं ऑइल असेल तर व्हॅक्यूम पंपाची नळी.

ए-१०१ ताई, ८:४६
मॅडम, अल्टरनेटर म्हणजे करंटचा ना? त्याला ऑइल कुठून?

सी-१०४ मॅडम, ८:५३
बरोबर विचारलंत. पेट्रोल इंजिनमध्ये ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो. या जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, त्यामुळे तो मिळत नाही. म्हणून अल्टरनेटरच्या पाठीवर छोटा पंप असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल पुरवणारी व परत नेणारी अशा दोन नळ्या. परतीची नळी उष्णतेने कडक होते, क्लिपपाशी चिरते. ऑइल आधी अल्टरनेटरवर, मग जमिनीवर. अल्टरनेटरच्या ब्रशमध्ये ऑइल गेलं की चार्जिंगही बसतं. त्या नळीला साधी पाण्याची रबरी नळी लावू नका, ती ऑइलने फुगते.

सी-००२ दादा, ९:०५
पुठ्ठा टाकतो. पासिंगला धुराचं काय? आणि यंदा मागच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवायचा विचार आहे, द्राक्षाच्या सीझनला क्रेट जास्त येतात.

बी-२०४ काका, ९:०६
आधी सक्शन बाजूची हवा.

सी-१०४ मॅडम, ९:२०
पाटा वाढवू नका, आणि हे मी पोलिसांच्या भीतीने सांगत नाही. पाट्याने ॲक्सल, बेअरिंग, टायर किंवा ब्रेकची ताकद वाढत नाही. उलट ब्रेक कमी होतो. मागच्या ॲक्सलजवळ चेसिसवर एक व्हॉल्व्ह आहे, एलएसपीव्ही. गाडी भाराने जितकी खाली बसेल तितका तो मागच्या चाकांना जास्त ब्रेकदाब सोडतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. भरल्या गाडीने कसारा घाट उतरताना सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर येतो. आहेत ते पाटे काढून साफ करा, तुटलेला पाटा आणि झिजलेले बुश बदला, सेंटर बोल्ट नवा टाका. यू बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून आडवे-तिरके आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा.

डी-४०३, ९:२४
सगळेच वाढवतात हो पाटे. मार्केटला जाऊन बघा.

ए-३०२, ९:२६
सगळे करतात म्हणून बरोबर होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की आरसीवरच्या मूळ बांधणीत फेरफार चालणार नाही.

डी-४०३, ९:२७
मग तुमच्या बुलेटचा सायलेन्सर कोणत्या कलमात बसतो?

सचिव, ९:२९
विषय पिकअपचा आहे.

ए-३०२, ९:४५
वाढवायचंच असेल तर उजेड वाढवा, पण वायरिंगने. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. ६०/५५ वॅटचे दोन एच४ बल्ब म्हणजे हाय बीमला १२० वॅट, साधारण १० अँपिअर. झिजलेल्या स्विचमध्ये आणि पातळ वायरीत एक-दीड व्होल्ट खाल्ला जातो आणि बल्ब पिवळा दिसतो. १२ व्होल्ट ३० अँपिअरचे दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारे स्विच) घ्या, एक हाय, एक लो. बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ स्क्वेअरची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून बल्बकडे. जुन्या हेडलाइटची वायर ८६ ला, ८५ अर्थला. प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी, रंग खरवडून बॉडीला. तेच बल्ब आणि तोच काच, पण फरक रस्त्यावर दिसेल. १०० वॅटचे बल्ब टाकू नका, होल्डर वितळतो. एच४ च्या जुन्या वाटीत एलईडीही नको, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

ए-१०१ ताई, ९:५०
इतकं सगळं कळतंय सगळ्यांना, फक्त डाग कोण पुसणार ते कळत नाही.

सी-१०४ मॅडम, ९:५८
ताई, तुमचं बरोबर आहे. दादा, आधी पाणी मारू नका, डाग पसरतो आणि सगळं गटारात जातं. लाकडाचा भुसा किंवा बारीक वाळू टाका, तासभर ठेवा, पायाने रगडा, झाडून गोणीत भरा. मग कपडे धुण्याच्या पावडरीचा घट्ट लगदा आणि तारेचा ब्रश. काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये, आणि ते नोंदणीकृत जुनं ऑइल घेणाऱ्याकडेच. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात येतं, पार्किंगच्या नाल्यात ओतायचं नाही.

ए-१०१ ताई, १०:००
धन्यवाद मॅडम. कोणीतरी उत्तर दिलं.

सी-००२ दादा, १२:३५
काका, तुमचंच खरं. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ लागली होती. कॅन लावला तरी थांबेना. फिल्टरच्या आतल्या तोंडाच्या बॅन्जोचे दोन्ही वायसर दबून काळे पडलेत, आणि हातपंप दाबला की दांड्यापाशी ओल दिसते.

बी-२०४ काका, १२:४१
वायसर नवेच टाका, बोल्टाच्या डोक्याखाली एक आणि तोटीखाली एक. जुना वायसर घासून पुन्हा बसवू नका, एकदा दबलेलं तांबं कडक होतं. हातपंप पूर्ण बदला. फिल्टर आज बदलणार असाल तर त्यात वरून डिझेल ओतू नका. न गाळलेलं डिझेल स्वच्छ बाजूला उतरलं तर थेट पंपात जातं. रिकामा बसवा आणि हातपंपाने भरा.

हवा काढायचा क्रम: फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल, खाली ट्रे. फेस जाऊन सलग धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूचं तसंच. लागली नाही तर नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ, डिझेल आलं की एकेक आवळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर मोटर जळेल. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपाची गळती कधीच बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. ती धार कातडी फोडून आत जाते. दिसतं सुईएवढं भोक, पण थेट हॉस्पिटल गाठायचं, घरी हळद लावून बसायचं नाही.

सी-०१२, १२:४४
शुभ रविवार. आजचा सुविचार : संयम हेच खरे धन.

डी-४०३, १२:४५
सुविचार पार्किंगमध्ये लावा.

सचिव, १२:५८
एक वाजत आलाय.

सी-००२ दादा, १२:५९
आवरतोय. काका, पांढरा धूर यानेच जाईल. वेग दिल्यावर थोडा काळाही येतो.

बी-२०४ काका, १:१०
काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळ्यांच्या क्लिपा. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट: ४ नंबर सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलत (एक मिटताना दुसरा उघडत) असताना १ नंबरचे सेट करा, २ डोलताना ३ चे, १ डोलताना ४ चे, ३ डोलताना २ चे. फटीचा आकडा तुमच्या इंजिनच्या पुस्तकातला, गॅरेजमधल्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. त्यानंतरही काळा राहिला तरच नोझल. पंपाचा सील केलेला स्क्रू फिरवून धूर कमी करू नका, तो टेस्ट बेंचवरचा विषय. तुमच्या जुन्या गाडीला पीयूसीत धुराच्या दाटपणाचा आकडा २.४५ पर्यंत चालतो, बीएस-४ गाडीला १.६२. तपासायला गरम इंजिन न्या, थंड गाडी जास्तच दाखवते.

मंगळवार

सी-००२ दादा, ६:४९
कालही आणि आजही तीन सेकंदांत लागली. पुठ्ठ्यावर ठिपका अल्टरनेटरखालीच होता. परतीची नळी काल संध्याकाळी बदलली, आज पुठ्ठा कोरडा. अर्थिंगची पट्टीही नवी, ०.२ व्होल्ट. पाटे वाढवत नाही, फक्त बुश आणि यू बोल्ट.

बी-२०४ काका, ६:५५
आठवड्याने बॅन्जो पुन्हा एकदा आवळून बघा, नवा तांब्याचा वायसर थोडा बसतो.

ए-१०१ ताई, ७:१५
आज धूर आला नाही. खाली जाऊन फरशी पाहिली, डाग गेलाय. भुशाची गोणी मात्र अजून लिफ्टसमोरच आहे, ती कोण उचलणार?

सी-००२ दादा, ७:१६
उचलतोय ताई.