मदत हवी आहे: एबीएसचा सेन्सर अडकलाय, बाहेरच येत नाही

धायरीकर
मंडळी, जरा लवकर सांगा. पुढच्या चाकाचा एबीएस सेन्सर घरीच बदलायला घेतलाय. बोल्ट निघाला, पण सेन्सर जागचा हलत नाही. नवीन सेन्सर नाना पेठेतून आणून ठेवलाय. चाक काढलंय, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅकवर आहे, शेजाऱ्यांना गाडी काढायला अडचण होतेय म्हणून संध्याकाळपर्यंत उरकायचंय. रविवारी आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय. खालून हातोडी मारू का? सर्व्हिस सेंटरला जा असं कृपया कोणी सांगू नका.

पेठकर
गाडी कुठली? किती सालची? कुठलं चाक? लाइट पिवळी पेटते का लाल? यातलं काहीच लिहिलं नाहीये, मग कोण काय सांगणार हो.

घाटवाट
हातोडी अजिबात नको. आणि जॅकवर म्हणजे नुसत्या जॅकवर आहे का? खाली स्टँड नसेल तर आधी ते काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीच्या आत सरकवा आणि मागच्या चाकांना दगड लावा. जॅक सरकला तर गाडी त्या चाकावर बसते, तुमच्या हातावर नाही. हे झाल्यावर पुढचं बोलू.

रावसाहेब७८
ब्रेकचा सेन्सर म्हणजे पॅड झिजले की पेटतो तोच ना? माझ्या जर्मन गाडीत पॅडलाच वायर असते, पॅड बदलताना तो नवाच टाकायचा. नुसता ओढला की निघतो. पॅड पण बदलून घ्या लगे हात.

घाटवाट
रावसाहेब, तो वेगळा. यांनी एबीएस लिहिलंय, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, तिचा हा चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पॅडला सेन्सर नसतोच, पॅड संपत आले की त्यातली पत्र्याची पट्टी डिस्कला घासून किरकिर करते.

धायरीकर
चाक सरकवलं खाली, दगडही लावले, धन्यवाद घाटवाट. गाडी जपानी बनावटीची पेट्रोल हॅचबॅक, २०१० ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे त्यावरच भांडत बसतील. क्लीनर साइडचं पुढचं चाक. लाइट पिवळी, एबीएस लिहिलेली. लाल पेटत नाही. ब्रेक व्यवस्थित लागतात. आता काढायचा कसा ते सांगा.

अप्पा (निवृत्त)
२०१० ची म्हणजे पंधरा वर्षं होऊन गेली. आरसीचं नूतनीकरण केलंत का? फिटनेस पास झाल्यावर पाच वर्षांची मुदत मिळते. संगम पुलाजवळच्या आरटीओत जायचं तर सकाळी लवकर जा.

पाना पक्कड
अडकतो त्याचं कारण असं की सेन्सरचं अंग प्लास्टिकचं, पण तो बसतो नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) लोखंडी भोकात, आणि पावसाळ्यात त्या भोकाला आतून गंज चढला की गंज फुगून सेन्सरला चहूबाजूंनी आवळतो, म्हणून सरळ वर ओढून काही उपयोग नाही. कडेने डब्ल्यूडी फोर्टी (गंज सैल करणारा स्प्रे) मारा, डिस्कवर आणि पॅडवर उडू देऊ नका, मध्ये फडकं धरा. अर्धा तास थांबा, परत मारा. मग बोल्टचं भोक असलेला जो कान आहे तो पक्कडीत हळू धरून डावीकडे-उजवीकडे अगदी थोडा थोडा फिरवायचा. पहिल्यांदा कट् असा बारीक आवाज येतो आणि मग तो फिरायला लागतो. फिरायला लागला की ओढायचा, त्याआधी नाही. खालून पेचकस घालून उचकटलंत तर डोकं तुटून हातात येतं आणि धड आत राहतं, मग डिस्क काढून ड्रिल करत बसावं लागतं. निघाल्यावर भोक बारीक पॉलिश पेपरने साफ करा, भुकटी आत पडू देऊ नका.

पण मला आधी हे सांगा, सेन्सरच गेलाय हे ठरवलं कशावरून?

रावसाहेब७८
एवढ्या उठाठेवीपेक्षा एबीएसचा फ्यूज काढून ठेवा की. पूर्वी कुठे होतं एबीएस? आम्ही बिनाएबीएसच्या गाड्या आयुष्यभर चालवल्या, आंबेनळी घाटसुद्धा.

घाटवाट
हा सल्ला कृपया कोणी घेऊ नका. फ्यूज काढला की लाइट जात नाही, उलट बऱ्याच गाड्यांत ब्रेकची लालही पेटते, कारण मागच्या चाकांना किती ब्रेक लागू द्यायचा हे ईबीडी सांभाळतं आणि ते त्याच युनिटमध्ये असतं. ते बंद झालं आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं केलंय ते उगाच नाही.

पेठकर
+१. यांना येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरायचंय, तो उतार सगळ्यांना माहितीये.

रावसाहेब७८
तिथले अपघात ट्रकवाले न्यूट्रलमध्ये उतरवतात म्हणून होतात, एबीएसमुळे नाही. माझं काम सांगायचं होतं, सांगितलं.

सिंहगडी
सेन्सर बदलल्यावर ब्रेकची हवा काढायला विसरू नका. ब्रेक ऑइल पण नवीन टाका, डॉट ४.

पाना पक्कड
सिंहगडी, या कामात ऑइलची लाइन उघडतच नाही, हवा जाणार कुठून? ऑइल जुनं झालं असेल तर बदला, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. धायरीकर, उत्तर द्या.

धायरीकर
मेकॅनिकने स्कॅनर लावला होता, कोड सी ००३५ आला, तो म्हणाला डावा पुढचा सेन्सर. माझ्याकडचा ब्लूटूथवाला स्कॅनर फक्त इंजिनचे कोड दाखवतो. सेन्सर आत्ता फिरायला लागलाय!! अजून निघाला नाही. मागच्या महिन्यात त्याच मेकॅनिककडे त्या चाकाचं बेअरिंग बदललं, तेव्हापासूनच ही लाइट आहे.

पाना पक्कड
अहो, सगळं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

धायरीकर
बेअरिंगचा काय संबंध? आवाज पूर्ण गेलाय, गाडी मस्त पळते.

पाना पक्कड
संबंध असा. सी ००३५ म्हणजे त्या चाकाच्या सर्किटमध्ये गडबड, सेन्सर मेला असं तो कोड म्हणत नाही. वायर, कपलर (वायरचा जोड), रिंग, सेन्सर, काहीही असू शकतं. सेन्सर स्वतः काही फिरत नाही, त्याच्यासमोर फिरणारी रिंग तो वाचतो. काही गाड्यांत ही रिंग एक्सलवर दातेरी लोखंडाची असते, तर काहींत बेअरिंगच्याच एका बाजूच्या सीलमध्ये काळी चुंबकी पट्टी असते. अशा बेअरिंगला सुलटी-उलटी बाजू असते. प्रेसवर उलटं बसलं तरी चाक छान फिरतं, आवाज नाही, काही नाही, पण चुंबकी बाजू सेन्सरच्या विरुद्ध तोंडाला जाते आणि सेन्सरला काहीच दिसत नाही. बिनचुंबकाचं साधं बेअरिंग टाकलं असेल तरी हेच होणार.

सेन्सर निघाला की भोकातून टॉर्च मारून काय दिसतं ते लिहा. दाते का काळं रबर का नुसता पत्रा? चाक हाताने फिरवून पण बघा.

सिंहगडी
मल्टीमीटरने ओहम बघा ना, हजार-दीड हजार आले तर सेन्सर चांगला.

पाना पक्कड
ते जुन्या कॉइलवाल्या सेन्सरला. चुंबकी रिंग वाचणारे सेन्सर सहसा करंटवर चालतात, त्यांना ओहम लावून काही कळत नाही.

धायरीकर
निघाला! अख्खा निघाला, टोक स्वच्छ आहे, कुठे घासलेलं नाही. वायर नकलजवळ वाकते तिथेही बघितली, रबर फाटलेलं नाही, कपलर कोरडा आहे. भोकातून दाते दिसत नाहीत, काळंही काही नाही, गुळगुळीत चकचकीत पत्रा दिसतोय, चाक फिरवलं तरी तसाच.

घाटवाट
साधी टाचणी दोऱ्याला बांधून आत सोडा. चुंबकी पट्टी समोर असेल तर टाचणी हलकी ओढली जाते. दोरा पक्का बांधा, आत पडली तर नवीन काम.

धायरीकर
अजिबात ओढत नाही, नुसती लोंबकळते. म्हणजे बेअरिंगच उलटं? मग नवीन सेन्सर लावू का नको?

पाना पक्कड
उलटं किंवा चुकीचं, दोन्हींपैकी एक. नवीन सेन्सर पाकिटातच राहू द्या, दुकानदार परत घेतो का विचारा. जुना आहे तो बसवा, बोल्ट फार आवळू नका, तो छोटा असतो. बेअरिंग उघडताना ते वाया जातं, एकदा दाबून काढलेलं परत बसवायचं नसतं, म्हणून गॅरेजवाल्याला सांगा की नवीन आणि चुंबकी पट्टीवालंच पाहिजे, तेही त्याच्या खर्चाने, कारण बसवण्यात चूक त्याची आहे.

पेठकर
मागच्या कामाचं बिल घेऊन जा. बिलावर पार्ट नंबर असेल तर तिथेच कळेल कुठलं बेअरिंग टाकलंय.

धायरीकर
चाक बसवलं, शेजाऱ्यांची गाडी निघाली. गॅरेजवाल्याला फोन केला, आधी कुरकुर केली, मग टाचणीचं सांगितल्यावर शनिवारी सकाळी गाडी आण म्हणाला. शनिवारी झालं नाही तर पिवळ्या लाइटवर रविवारी निघू का?

घाटवाट
लाल पेटत नसेल तर साधा ब्रेक चालतो, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होईल. पावसात खंबाटकीतून आईबाबांना घेऊन जायचंय, मी तरी एक आठवडा पुढे ढकललं असतं. जायचंच असेल तर अंतर दुप्पट ठेवा आणि उतारावर गिअरमध्येच उतरवा.

पाना पक्कड
आणि शनिवारी गाडी ताब्यात घेताना नुसता कोड पुसून लाइट गेली म्हणून निघू नका. स्कॅनर लावूनच एक चक्कर मारायला सांगा आणि चारही चाकांचा वेग स्क्रीनवर सारखा येतोय हे तुमच्या डोळ्यांनी बघा. डाव्या पुढच्याचा शून्य दिसला तर गाडी तिथेच ठेवा.