मदत हवी आहे: ‘इव्होक’ला वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत काय म्हणाल?

गावच्या वाचनालयासाठी शब्दसंग्रह करतोय. ‘इव्होकेशन’ या नोंदीवर गाडी अडली आहे.

मूळ लॅटिन क्रियापद ‘एवोकारे’. ‘ए’ म्हणजे बाहेर, ‘वोकारे’ म्हणजे हाक मारणे. म्हणजे आत्म्याला किंवा देवाला हाक मारून बाहेर काढणे. रोमन लोक वेढा घातलेल्या शहराच्या देवतेलाच असं बोलवून घेत. इ.स.पू. 396 मध्ये वेई शहराच्या जुनो देवीला ‘रोमला चल’ म्हणून विनवल्याचं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. ‘इन्व्होक’मध्ये उपसर्ग ‘इन’ आहे, तिथे मदतीसाठी धावा करणं आहे. ‘कॉन्ज्युअर’ वेगळाच: ‘कॉन’ सोबत, ‘युरारे’ शपथ घेणे. आधी अर्थ एकत्र शपथ घेऊन कट करणं, मग शपथ घालून भुताला बांधणं. आपल्याकडचं ‘देवाची आण घालणं’ याच्या अगदी जवळ.

बहुतेक जण इथे ‘आवाहन’ लिहून मोकळे होतात. पण त्यातला धातू ‘वह्’, म्हणजे वाहून आणणे; हाकेशी संबंध नाही. ‘आव्हान’ मात्र ‘ह्वे’वरून, हाक मारणे. आणि ‘वोकारे’चं संस्कृतातलं खरं भावंड ‘वाच्’.

‘अंगात येणं’, ‘वारं येणं’ चालत नाहीत, कारण तिथे येणारा आपणहून येतो. मला बोलावणाऱ्याचं क्रियापद हवं आहे. भंडारा, गडचिरोली, यवतमाळकडे भगत बोलावतो तेव्हा नेमकं काय म्हणतात? शब्द, तालुका आणि एक पूर्ण वाक्य, जसं बोलतात तसंच, कृपया लिहा. नुसता शब्द आला की कर्ता कोण ते कळत नाही.