ब्राउझर बदलायचाय, पण नावाआधी कारण सांगा (मदत हवी आहे)

कोरी पाटी:

नमस्कार मंडळी,

‘कोणता ब्राउझर चांगला?’ असं विचारलं की दहा जण दहा नावं टाकून जातात आणि विचारणारा होता तिथेच राहतो. म्हणून आधीच विनंती: नाव नंतर, कारण आधी. तुम्ही जो वापरता तो का वापरता, आणि त्यातली कुठली गोष्ट छळते तरीही तो सोडवत नाही, हे कळलं तर माझं मला ठरवता येईल.

माझी गरज सांगते. विंडोजचा जुना लॅपटॉप, रॅम ८ जीबी, तीही बोर्डवर सोल्डर केलेली, त्यामुळे वाढवायची सोय नाही. फोन अँड्रॉइड. काम भाषांतराचं. एका वेळी ३०-४० टॅब उघडे असतात: शब्दकोश, संदर्भ, मोठाल्या पीडीएफ, शिवाय एकाच मेल सेवेवरची माझी दोन खाती. ‘टॅब कमी उघड’ हा सल्ला मला भरपूर मिळून झालाय, तो इथे नको.

सध्या जो वापरते त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्याच्या वकिलांनी आणि फिर्यादींनी भरून जाईल. क्रोमियमवर (क्रोम ज्यावर उभा आहे तो गूगलचा खुला कोड) बांधलेला आहे, इतकं पुरे. वर्षानुवर्षं काही तक्रार नव्हती. मग एका अपडेटनंतर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची पुरवणी) बंद पडलं. तेव्हापासून ऑनलाइन शब्दकोश उघडला की शब्दाच्या आधी जाहिरातीवरची फुली शोधावी लागते.

थोडं करून पाहिलंय. एज, ब्रेव्ह, विवाल्डी टाकून बघितले. रंगरूप वेगळं, पण सेटिंग्जमध्ये आत शिरलं की बरीचशी तीच पानं, तेच शब्द. फायरफॉक्स तेवढा निराळा वाटला. पण मला बिलं अपलोड करायला एक पोर्टल वापरावं लागतं आणि त्याच्या पहिल्याच पानावर ‘क्रोम किंवा एज वापरा’ असं ठणकावलेलं आहे.

तर, आतून सगळे सारखेच असतील तर नाव बदलून काय साधतं? रॅम खरंच कोणी कमी खातं का, की त्या नुसत्या गप्पा? दोन मेल खाती एकाच खिडकीत शेजारी-शेजारी ठेवता येतात का? आणि साठवलेले पासवर्ड सुखरूप कसे हलवायचे? या शेवटच्या प्रश्नाची मला सर्वांत जास्त धास्ती आहे.

जुना खेळाडू:

तुमचं निरीक्षण अचूक आहे. बाजारात नावं डझनावारी असली तरी इंजिनं, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा आतला भाग, मोजून तीन. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे ब्लिंकवर चालतात. फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. त्यातही ब्लिंक हे २०१३ साली वेबकिटमधूनच फुटून निघालं, आणि वेबकिट २००१ मध्ये केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनावरून. गेकोची वंशावळ वेगळी, ती नेटस्केप या जुन्या ब्राउझरपर्यंत जाते. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो होतं, ते त्यांनी २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टने एजसाठी स्वतःचं इंजिन केलं होतं, पण जानेवारी २०२० मध्ये तेही क्रोमियमवर आले. म्हणून सेटिंग्जची पानं ओळखीची वाटतात.

याचा तुमच्या यूब्लॉकशी थेट संबंध आहे. पूर्वी पान उघडताना बाहेर जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेन्शनला आधी दिसायची आणि ही जाऊ दे, ही अडव, हे ते स्वतः ठरवायचं. क्रोमियममध्ये आलेल्या मॅनिफेस्ट व्ही३ या एक्स्टेन्शनसाठीच्या नव्या नियमावलीत तो अधिकार काढून घेतला. आता एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे सोपवायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. सुरक्षेच्या दृष्टीने यात तथ्य आहे, कारण तुमची प्रत्येक विनंती वाचणारं एक्स्टेन्शन लबाड निघालं तर काय होईल, विचार करा. पण त्यात यूब्लॉकचं निम्मं कसब गेलं. यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे, साध्या जाहिरातींना पुरतं, चिवट साइटवर कमी पडतं. फायरफॉक्सने नवी पद्धत घेतली आणि जुनीही ठेवली, त्यामुळे तिथे मूळ यूब्लॉक जसंच्या तसं चालतं. मी फायरफॉक्सवर आहे त्याचं हे एक कारण पुरेसं आहे.

छळणारी गोष्ट? काही साइट फायरफॉक्समध्ये तपासलेल्याच नसतात. दोष साइटचा, शिव्या ब्राउझरला.

उगाच एक:

विवाल्डी.

कोरी पाटी:

@उगाच एक, पहिलं वाक्य वाचलंत का? :)

उगाच एक:

वाचलं, पण सवय. बरं, कारण: दोन टॅब निवडले की एकाच खिडकीत डावी-उजवीकडे मांडता येतात. भाषांतराला याहून सोयीचं काही नाही, डावीकडे मूळ, उजवीकडे कोश. टॅबचे गठ्ठे करता येतात, पट्टी बाजूला उभी करता येते. जाहिरात अडवणं आतच आहे. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकाने काढलाय, आणि जुन्या ऑपेराची सवय लागलेल्यांना तो घरचा वाटतो. छळतं ते असं की सेटिंग्जच्या जंगलात माणूस हरवतो, आणि वरचा दर्शनी भाग मुक्तस्रोत नाही.

रॅमभरोसे:

रॅमच्या गप्पा बहुतांशी गप्पाच. कारण ऐका. २०१८ च्या सुरुवातीला प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी जाहीर झाली. एका साइटचा कोड दुसऱ्या साइटची मेमरीतली माहिती चोरून वाचू शकेल अशी भीती होती. त्याच वर्षी क्रोमने डेस्कटॉपवर प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र मेमरीच्या कप्प्यात) कोंडायला सुरुवात केली. फायरफॉक्सनेही नंतर तेच केलं. मेमरी जास्त लागणारच, ती सुरक्षेची किंमत आहे. ‘आमचा ब्राउझर निम्मी रॅम खातो’ असं कोणी म्हणालं तर विचारा, कोणत्या साइटवर आणि किती टॅब उघडून?

फरक पडतो तो झोपलेल्या टॅबमुळे. एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज, क्रोममध्ये मेमरी सेव्हर. फायरफॉक्स विंडोजवर मेमरी फारच कमी पडली की न वापरलेले टॅब आपणहून उतरवतो, आणि नव्या आवृत्त्यांत टॅबवर राइट क्लिक करून ‘अनलोड’ही करता येतं. टॅब पट्टीवर दिसत राहतो, मेमरी मोकळी होते. तुमच्या ३०-४० टॅबांना हाच उपाय. पण अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब झोपवू नका, परत उघडताना पान नव्याने लोड होतं.

आणि कुठलाही उपाय करण्याआधी शिफ्ट आणि एस्केप दाबून पाहा. क्रोम, फायरफॉक्स दोन्हींत कोणता टॅब किती खातोय त्याची यादी उघडते. बऱ्याचदा एखादी मेलची खिडकीच सगळ्यांवर कडी करत असते आणि आपण बिचाऱ्या शब्दकोशांना दोष देतो.

पडद्यामागे:

इथे कोणी पैशाचं बोललं नाही म्हणून लिहितो. ब्राउझर फुकट मिळतो, पण बनवायला प्रचंड खर्च येतो. तो कोण करतं आणि का, हे माझ्या मते वेगापेक्षा मोठं कारण आहे. गूगल जाहिरातींवर चालणारी कंपनी आहे. तिसऱ्या पक्षाच्या कुकीज (उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कोणीतरी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या, माग काढायला वापरल्या जाणाऱ्या खुणा) क्रोममधून काढू, असं त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं, तारखा पुढे पुढे गेल्या आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. सफारीने २०२० मध्ये त्या सरळ बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटच्या कुकीज आपोआप वेगळ्या डब्यात ठेवल्या, म्हणजे एकीचा डबा दुसरीला उघडता येत नाही.

पण फायरफॉक्सवाल्यांनी फार कॉलर ताठ करू नये. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलला डिफॉल्ट सर्च ठेवण्याच्या करारातून येतं. ॲपललाही त्याच कारणासाठी २०२२ मध्ये गूगलकडून सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. धुतल्या तांदळासारखं कोणीच नाही.

मी ब्रेव्ह वापरतो. त्याचं जाहिरात अडवणं ब्राउझरच्या आतच लिहिलेलं आहे, एक्स्टेन्शन म्हणून नाही, त्यामुळे मॅनिफेस्ट व्ही३ चा त्याला फटका नाही. इंजिन क्रोमियमचं, म्हणजे पोर्टलची कटकट कमी. त्यातली क्रिप्टोची (आभासी चलनाची) भानगड नको असेल तर पहिल्याच दिवशी सेटिंग्जमधून लपवा.

कोरी पाटी:

सगळ्यांचे आभार, अशीच उत्तरं हवी होती. म्हणजे माझ्यापुरता सामना फायरफॉक्स विरुद्ध ब्रेव्ह असा दिसतोय. दोन मेल खाती आणि पोर्टल यांचं कोणी सांगेल का? आणि फोनवर काय?

जुना खेळाडू:

दोन खात्यांसाठी फायरफॉक्सचं ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ हे मोझिलाचंच एक्स्टेन्शन टाका. एकाच खिडकीत एक टॅब या खात्याचा, शेजारचा त्या खात्याचा. क्रोमियमवाल्यांकडे यासाठी प्रोफाइल असतात, ते चांगले आहेत पण प्रत्येकाची खिडकी वेगळी. तुमच्या मागणीला कंटेनर जास्त जुळतात.

पोर्टलचं म्हणाल तर ‘क्रोमच वापरा’ ही पाटी पुष्कळदा नुसती पाटी असते. ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतो ती वाचून साइट अंदाज बांधते, आणि त्या ओळखीवर कुणी फार विश्वास ठेवू नये. क्रोमसुद्धा आजतागायत आपली ओळख ‘मोझिला/५.०’ अशीच सुरू करतो! आधी एकदा फायरफॉक्समध्ये सगळं काम करून बघा. नाहीच जमलं तर एज विंडोजबरोबर आलेलाच आहे. एकच ब्राउझर ठेवायचा असा काही नियम नाही.

अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन चालतं, क्रोममध्ये एक्स्टेन्शनच नाहीत. आयफोन असता तर हा वाद जवळपास निरर्थक होता, कारण तिथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक ब्राउझरला वेबकिटच वापरावं लागत आलंय. युरोपीय संघात २०२४ मध्ये नियम सैल झाला.

रॅमभरोसे:

पासवर्ड राहिले. जुन्या ब्राउझरमधून पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये एक्सपोर्ट होतात, नव्यात ती इम्पोर्ट करायची. लक्षात घ्या, ही फाइल साधा मजकूर असते, सगळे पासवर्ड उघडे. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ती उतरवू नका, काम झालं की काढून टाका आणि रिसायकल बिनही रिकामं करा. फायरफॉक्सवर गेलात तर ‘प्रायमरी पासवर्ड’ चालू करा. तो आपोआप लागत नाही, आणि नसला तर लॅपटॉपवर बसलेल्याला साठवलेले पासवर्ड मिळवणं सोपं जातं. पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची किल्ली) मात्र या सीएसव्हीत येत नाहीत. त्या त्या साइटवर जाऊन नव्याने कराव्या लागतील, तोवर जुना ब्राउझर उडवू नका.

कोरी पाटी:

फायरफॉक्स टाकला. कंटेनर लावले, दोन्ही इनबॉक्स आता शेजारी आहेत. पासवर्ड आले, फाइल उडवली. पासकी काही मोजक्याच होत्या, त्या करत्येय. शिफ्ट-एस्केपने दाखवलं की खरंच मेलच सर्वांत खादाड निघाला. पोर्टल उघडतं, लॉगिनही होतं, पण अपलोडचं बटण दाबलं की ढिम्म. तेवढ्यापुरता एज ठेवलाय. विवाल्डीचं ते डावी-उजवीकडे मांडणं मात्र डोक्यातून जात नाही, फायरफॉक्समध्ये तसं काही करता येतं का?