मदत हवी आहे: कानाझावा-वाजिमात उरुशीचं काम बघायचंय

नमस्कार मंडळी, जपानात राहणाऱ्यांना विचारतोय. नोव्हेंबरात कानाझावाला जातोय, उरुशीचं, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या जपानी लाखेचं काम बघायला. २०२० मध्ये टोकियोहून तिथे हलवलेलं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय बघणार आहेच. पण वाट्या-डब्यांपेक्षा मला आजच्या कलाकारांचं कान्शित्सु जास्त बघायचंय. त्यात लाकूड नसतं, उरुशीत भिजवलेल्या कापडाचे थर साच्यावर चढवतात. नारा काळातल्या (आठवं शतक) बुद्धमूर्तींची ही रीत, आणि आता त्यातून अमूर्त शिल्पं होतात! अशी शिल्पं मांडणारी खासगी दालनं कुणाला माहीत आहेत का?

दुसरं, १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात उरुशीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या वाजिमा शहरातल्या कारागिरांचं फार नुकसान झालं. सध्या तिथे कार्यशाळा बघता येतात का? की उगाच गर्दी करू नये? कानाझावाहून बस बरी की गाडी?

शेवटचं जरा विचित्र वाटेल. मला बिब्बा उततो. उरुशीचं झाड त्याच कुळातलं, आणि ओला चीक अंगावर तसाच उठतो म्हणतात. वाळलेल्या भांड्याची भीती नाही, पण हाताने करून बघण्याचा वर्ग घ्यावा का? तिथे हातमोजे देतात का? कुणी केला असेल तर नक्की सांगा.