15 हजारांत मंचावरची गिटार: आधी लाकूड की आधी पीकअप?

सहावी तार (पुणे)

काल इथे एका सदस्याने महाविद्यालयीन मुलाला दिलेला सल्ला वाचला आणि सविस्तर उत्तर देणे भाग पडले. सल्ला असा होता की कार्यक्रमांत वाजवण्यासाठी 15,000 रुपयांत गिटार घ्यायची असेल, तर सगळी रक्कम सॉलिड टॉपवर (एकसंध लाकडाच्या समोरच्या फळीवर) घालावी आणि पीकअपच्या, म्हणजे कंपन टिपून विजेच्या रूपात पुढे पाठवणाऱ्या साधनाच्या, भानगडीत पडू नये, कारण समोर माइक ठेवला की 'लाकूड आपोआप बोलते'. शांत खोलीत ते बोलतही असेल. पण ज्या मंचावर एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला ऑक्टोपॅड आणि पायाशी मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) असतो, तिथे गिटारसमोरचा माइक गिटार सोडून सगळे ऐकतो. मग साउंडवाला आवाज वाढवतो, गिटार घुमू लागते, तो घाबरून आवाज पार खाली आणतो आणि उरलेला कार्यक्रमभर वादकाचा हात तेवढा हलताना दिसतो.

हे घुमणे कुठून येते तेही सांगतो. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद पोटाच्या, गिटारच्या पोटातील हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास स्वतःहून कंप पावते आणि सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीचा) जी हा स्वर 98 हर्ट्झचा असतो. जी कॉर्ड छेडली की तोच स्वर मॉनिटरमधून परत येऊन टॉपला हलवतो, टॉप पुन्हा मॉनिटरला खाद्य पुरवतो आणि काही क्षणांत सगळा मंच हुंकारू लागतो. टॉप जितका हलका आणि मोकळा, तितका तो या चक्रात लवकर सापडतो. घरी सॉलिड टॉपच्या ज्या गुणाचे आपण कौतुक करतो, तोच गुण मंडपात अंगाशी येतो.

म्हणून माझे म्हणणे असे की या रकमेत यामाहा एफ310 सारखी साधी, पूर्ण लॅमिनेटची (थर चिकटवलेल्या लाकडाची), मान सरळ असलेली गिटार घ्यावी, जाणकार कारागिराकडून तिचा सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणी) करून घ्यावा आणि उरलेले पैसे साउंडहोलमध्ये, म्हणजे पोटावरच्या गोल भोकात, बसणारा पीकअप व डीआय बॉक्स (गिटारचा आवाज मिक्सरला मानवेल असा करून देणारी डबी) यांवर घालावेत. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी 1966 मध्ये ओव्हेशन गिटार काढली, तिची पाठ लाकडाची नव्हतीच, तरी सॅडलखाली (पोटावर तारा टेकतात त्या पट्टीखाली) पिएझो, म्हणजे दाबातून वीज निर्माण करणारा, पीकअप आल्यावर तीच गिटार मोठमोठ्या मंचांवर दिसू लागली. निर्वाणा बँडचे कर्ट कोबेन यांनी 1993 मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमाच्या मंचावर वाजवलेली 1959 ची मार्टिन डी-18ई ही तर कारखान्यातूनच पीकअप लावून आलेली होती.

शिसवी (मुंबई)

तो सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. आपण कोबेन यांचा दाखला दिलात, पण त्या डी-18ई चा टॉप सॉलिड स्प्रूसचाच आहे, हे मात्र सोयीस्करपणे वगळलेत. पीकअप आवाज निर्माण करत नाही. तारेचे आणि टॉपचे जे कंपन त्याच्यापर्यंत पोचते, तेवढेच तो पुढे नेतो. लॅमिनेट म्हणजे पातळ थर गोंदाने चिकटवलेले लाकूड. त्याचा मंद आवाज पीकअप लावून उजळत नाही.

दुसरे असे की पीकअप पुढच्या वर्षी बसवता येतो, टॉप बदलता येत नाही. ज्या मुलाने विचारले आहे, तो वर्षातून मोजक्या वेळा मंचावर जाईल आणि बाकी सगळे दिवस घरात रियाज करील. त्या रियाजात त्याला हाताच्या दाबाप्रमाणे बदलणारा, नाजूक छेडीलाही उत्तर देणारा आवाज मिळाला नाही, तर त्याचा हात घडणार कसा? माझा हात सॉलिड टॉपवर घडला. गिरगावातील एका लहान सभागृहात कविता आणि गाण्यांच्या कार्यक्रमात मी आजही एकच कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक लावतो. तो मान आणि पोट जिथे जुळतात त्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवतो, साउंडहोलसमोर कधीही ठेवत नाही. शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही बोटांचा स्पर्श ऐकू येतो.

खारा वारा (मालवण)

शिसवी यांनी ती सॉलिड टॉपची गिटार घेऊन जुलैत आमच्याकडे राहायला यावे. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि इथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांच्या खाली उतरत नाही. माझ्या सॉलिड टॉपच्या गिटारचे पोट ब्रिजच्या (पोटावर तारा अडकवतात त्या पट्टीच्या) मागे फुगले, तारा फिंगरबोर्डपासून (मानेवर बोटे दाबतात त्या फळीपासून) इतक्या वर गेल्या की बार कॉर्ड धरताना मनगट भरून येई, आणि गणपतीच्या तोंडावर ब्रिजची मागची कड सुटली. तिथे पोस्टकार्डाची कड आत सरकत होती. त्या वर्षी आरतीनंतरच्या कार्यक्रमात मी शेजाऱ्याची जुनी लॅमिनेटची गिटार वाजवली आणि ती पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सुरात राहिली. थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात म्हणून लॅमिनेट फारसे फुगत नाही, हा गुण कोकणात राहणाऱ्याला जास्त मोलाचा आहे. मुंबईची हवाही काही वेगळी नाही, त्यामुळे शिसवी यांना हे ठाऊक नसेल असे वाटत नाही.

वऱ्हाडी खर्ज (नागपूर)

हवेचाच विषय निघाला आहे तर आमची बाजूही नोंदवतो. मे महिन्यात दुपारी इथली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते. लाकूड आक्रसते आणि फिंगरबोर्डच्या कडेने फ्रेटची टोके बाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतात. हे माझ्या पूर्ण लॅमिनेटच्या गिटारला झाले आहे, कारण टॉप कशाचाही असला तरी मान आणि फिंगरबोर्ड बहुतेकांचे सॉलिडच असतात. त्यातून आमच्याकडचे कूलर! कूलरच्या खोलीत ओलावा आणि बाहेर भट्टी, अशी गिटारची दिवसातून दोनदा ये-जा होते. लॅमिनेट घेतले म्हणजे हवेची चिंता मिटली, हा समज खोटा आहे. टणक पेटी घ्या, पावसाळ्यात तिच्यात सिलिका जेल ठेवा, उन्हाळ्यात छिद्रे पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवा आणि लहानसा आर्द्रतामापक लावा.

शिसवी (मुंबई)

वऱ्हाडी खर्ज यांचे आभार. खारा वारा यांनी गिटार कापडी पिशवीत भिंतीला टेकवून ठेवली असणार आणि दोष लाकडाला लावला. वाद्य सांभाळता येत नसेल तर ते स्वस्त घ्यावे, हा सल्ला मला वाद्याचा अपमान वाटतो.

खारा वारा (मालवण)

माझी गिटार कुठे ठेवलेली होती ते न विचारता आपण ठरवून टाकलेत. ती पेटीत होती आणि सिलिका जेलही होते. पण पेटी रोज रियाजासाठी उघडायची की नाही? चार महिने बंद ठेवलेल्या गिटारवर कोणाचा हात घडतो? वातानुकूलित खोलीत बसून वाद्याच्या अपमानाबद्दल बोलणे सोपे आहे. इथे वीज गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशी येते.

मंचामागे (ठाणे)

मी साउंड करतो आणि हा सगळा वाद वाचताना जीव तुटतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची गिटार माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा आवाज वायरमध्येच मेलेला असतो. प्रीअँप (गिटारमध्येच आवाज वाढवणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र) नसलेल्या पिएझो पीकअपला समोर किमान 1 मेगाओहमचे इनपुट लागते, आणि मिक्सरचे लाइन इनपुट साधारण 10 किलोओहमचे, म्हणजे त्याच्या शंभराव्या भागाएवढे, असते. लांबलचक केबलने गिटार थेट त्यात खुपसली की खर्ज नाहीसा होतो आणि पत्र्याच्या डब्यात तांदूळ हलवल्यासारखा आवाज येतो. मग वादक माझ्याकडे रागाने बघतो. प्रीअँप असेल तर त्यातली 9 व्होल्टची बॅटरी दिवाळीपासून बदललेली नसते. गिटार वाजवून झाल्यावरही केबल तशीच लावून ठेवतात आणि बॅटरी रात्रभर झिजत राहते.

घुमण्यावर उपाय आहेत: साउंडहोलला रबरी झाकण लावा, मॉनिटर गिटारच्या तोंडासमोरून बाजूला घ्या, प्रीअँपवर फेजचे (आवाजाची लहर उलटी करणारे) बटण असेल तर ते दाबून पाहा आणि मला 100 हर्ट्झच्या आसपास थोडी कापाकापी करू द्या. एवढे केले की सॉलिड टॉपही मंडपात चालतो. म्हणून धागाकर्त्यांचा निष्कर्ष मला अर्धाच मान्य आहे. त्यातला डीआय बॉक्स पूर्ण मान्य आहे. मात्र एवढ्या रकमेतल्या बऱ्याच गिटारींत आधीच बसवून मिळणारा पिएझो टाळा. जोरात स्ट्रमिंग केले की त्यातून बदकासारखा आवाज येतो आणि तो मला कोणत्याही बटणाने काढता येत नाही.

सहावी तार (पुणे)

मंचामागे, आपले तांत्रिक म्हणणे योग्य आहे, पण साउंडवाल्यांची दुसरी बाजूही लिहायला हवी. आमच्या भागातील एका गणेशोत्सवात गिटारसाठी स्वतंत्र चॅनेलच नव्हता. हार्मोनियम आणि गिटार एकाच चॅनेलवर जोडली होती आणि मंडपातल्या विजेला अर्थिंग नसल्यामुळे तारांवरून हात उचलला की 50 हर्ट्झची घरघर पार शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होती. मी वेगळी लाइन मागितली तेव्हा 'गिटार काय, साथीलाच आहे ना' असे उत्तर मिळाले. वादकाने बॅटरी बदलावी हे खरे, पण आयोजकाने अर्थिंग तपासावे हे कोण सांगणार? त्यात जिवाचा प्रश्न आहे.

मंचामागे (ठाणे)

अर्थिंगच्या बाबतीत आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे आणि त्यासाठी मी स्वतः आयोजकांशी भांडलो आहे. बहुतेक डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे (केबलची ग्राउंड जोडणी सोडवणारे) बटण असते, त्याने दोन ग्राउंडमधली घरघर जाते. पण मंडपाला अर्थिंगच नसेल तर ते बटण दाबून कोणी सुरक्षित होत नाही. तिथे वाजवायला नकारच द्यावा.

काळी चार (मडगाव)

इतका वेळ गिटारच्या आकाराबद्दल कोणीच बोलले नाही. मी उभी राहून गाते आणि वाजवते. ड्रेडनॉटच्या जाड पोटावरून हात नेताना माझा उजवा खांदा दुसऱ्या तासाला दुखू लागतो. पातळ पोटाची, पीकअप बसवलेली इलेक्ट्रो-अकूस्टिक, उदाहरणार्थ यामाहाची एपीएक्स, घरी ऐकायला बारीक वाटते हे मान्य, पण मंचावर ती कमी घुमते आणि अंगाला चिकटून राहते. नवी घेणे या रकमेत बसत नाही, म्हणून मी जुनी घेतली.

शिवाय सेटअपचे महत्त्व धागाकर्त्यांनी एका ओळीत उरकले. स्वस्त गिटारचा नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बहुधा उंच ठेवलेला असतो, त्यामुळे पहिल्या फ्रेटवरची एफ कॉर्ड चढी वाजते. एकट्याने वाजवताना ते खपून जाते. शेजारी हार्मोनियम असेल तर हार्मोनियम स्वर बदलू शकत नाही, आणि बेसूर कोण हे सगळ्या सभागृहाला कळते. नटच्या खाचा कारागिराने थोड्या खोल केल्या आणि माझा निम्मा त्रास संपला.

शिसवी (मुंबई)

उघड्या मंडपात माइकवर भागत नाही, एवढे मी मान्य करतो. सभागृहाच्या बाबतीत करणार नाही. खारा वारा यांच्या गिटारच्या ठेवणीबद्दल मी अंदाजाने बोललो, ते शब्द मागे घेतो, पण लॅमिनेटच्या आवाजाबद्दलचे मत मागे घेत नाही. आणि धागाकर्त्यांच्या हिशेबात नवी गिटार, सेटअप, पीकअप आणि डीआय हे सगळे 15,000 मध्ये मावत नाही. काळी चार यांच्याप्रमाणे जुनी गिटार शोधावी लागेल, आणि शोधायचीच असेल तर सॉलिड टॉपची शोधावी.

सहावी तार (पुणे)

जुनी घ्यावी, हे मला मान्य आहे. सॉलिड टॉपची असावी, हे त्या मुलाच्या गावच्या हवेवर ठरवू. ती घेताना त्याने सॅडल ब्रिजच्या वर किती उरला आहे ते आधी पाहावे. सॅडल जवळजवळ संपला असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर मान पुढे झुकलेली आहे आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च गिटारच्या किमतीच्या वर जाईल. मग बाराव्या फ्रेटवर सहावी तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास आहे का ते पट्टी लावून मोजावे आणि पीकअप असेल तर बॅटरीचा कप्पा उघडून आत हिरवट गंज आहे का ते बघावे. शिसवी, आपल्या सभागृहातला एखादा कार्यक्रम कळवा. मी माझी लॅमिनेटची गिटार आणि डीआय घेऊन येतो, शेवटच्या रांगेतले आजोबा काय म्हणतात ते ऐकू.

शिसवी (मुंबई)

अवश्य या. माइक मी आणीन.